गुरुवारचा बुधवार

टाकीला फुलांची वाडी घालायची कल्पना झीनतची.

'एकट्या हेमांगीचंच डोहाळेजेवण का?' ती म्हणाली. 'हिलाही दिवस गेलेत की, सर.'

खर्डेकर सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. 'मुल्ला, ही प्रयोगशाळा आहे.'

'हो सर. म्हणून तर फुलं धुऊन आणलीत.'

आणि तिने निशिगंधाची माळ स्टीलच्या टाकीच्या गळ्यात घातलीसुद्धा. प्रयोगशाळेतले मदतनीस रंगराव, त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, दाब मोजायच्या घड्याळावर एक गजरा अडकवला आणि समाधानाने मागे सरकले. 'आता दिसती लेकुरवाळी हुनार म्हून,' ते म्हणाले.

सातव्या महिन्यातली मी हिरवी साडी नेसून, दंडावर मोगऱ्याचे बाजूबंद बांधून, सरांच्या फिरत्या खुर्चीत बसले होते. माझ्या एका बाजूला मायक्रोस्कोप, दुसऱ्या बाजूला ती नटलेली टाकी. समोर आई नारळ, तांदूळ, खण घेऊन उभी. माझी ओटी भरून झाली आणि तिने उरलेल्या मूठभर अक्षता अगदी सहज टाकीच्या पायाशी टाकल्या.

'आत नाही ना पडणार काही?' सरांनी दचकून विचारलं.

'पडलं तर पडलं,' आई म्हणाली. 'तांदूळच आहेत. बाळंतिणीला चालतात.'

आई मंगळवारी आली होती, मला माहेरी न्यायला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, याबद्दल आमच्यात कधी चर्चाच होत नाही. माझं माहेर घाटाखाली, चिपळूणच्या पुढे. विनय, माझा नवरा, तेव्हा कंपनीच्या प्रशिक्षणासाठी बाहेर होता, तो थेट तिकडेच येणार होता. बुधवारी आमच्याकडे लेकीला प्रवासाला काढत नाहीत. 'जाशील बुधी, येशील कधी,' असं म्हणतात. शुक्रवारी अमावास्या लागत होती, आणि अमावास्येला पोटुशी बाई घाट उतरत नाही. मधे उरला गुरुवार. गुरुवारी सकाळी यशवंतमामा, आईचा थोरला भाऊ, जीप घेऊन येणार होता.

बुधवार असा मोकळा मिळाला, तर आईने डोहाळेजेवण ठरवलं. मी म्हटलं, मला घरी थांबता येणार नाही, टाकीत बॅच चालू आहे. ती म्हणाली, 'तू येत नाहीस तर जेवण तिकडे येईल.' आणि खरंच पुरणपोळ्यांचा डबा, कटाची आमटी, भजी, सगळं घेऊन ती साखर कारखान्याच्या आवारात, गोदामामागच्या आमच्या प्रयोगशाळेत हजर झाली.

तिला त्या टाकीचं काय कौतुक ते झीनतने समजावून सांगितलं. झीनत आमची जंतुतज्ज्ञ, कऱ्हाडची. बोलायला लागली की समोरचा जंतूंना नावं ठेवायचं विसरून त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागतो.

'काकू, कारखान्याची मळी असते ना, साखर काढून उरलेली, ती आम्ही ह्यांना खायला घालतो. आधी पोटभर. साखर द्यायची आणि जोडीला अमोनिया. अमोनिया म्हणजे त्यांची डाळ-उसळ. त्यावर ते वाढतात, एकाचे दोन, दोनाचे चार. भरपूर झाले की मग डाळ बंद. नुसतं गोड.'

'नुसत्या गोडावर ठेवता?' आईचा हात गालावर गेला.

'म्हणजे ते घाबरतात. वाटतं, दुष्काळ आला. मग वाढायचं सोडून पोटात साठवायला लागतात. आपण चरबी साठवतो तशी. ती त्यांची चरबी म्हणजेच प्लास्टिक. आपण ते काढून घ्यायचं. त्याच्या पिशव्या करा, वाट्या करा, काम झालं की मातीत टाका. माती खाऊन टाकते.'

आईने टाकीकडे नव्या नजरेने पाहिलं. 'गोड खाऊन पोटाला सुटतात, म्हणजे आमच्या आत्याबाईच झाल्या ह्या,' ती म्हणाली. 'पण त्यांच्या चरबीचा कोणाला काही उपयोग नाही झाला.'

झीनत हसता हसता पिंपावर बसली.

मीही हसले, पण माझं लक्ष टाकीच्या काचेच्या झरोक्याकडे होतं. आत तपकिरी फेस हळूहळू फिरत होता. हे आमचं तिसरं वर्ष. पहिल्या हंगामात भलतेच जंतू शिरले आणि सगळी टाकी कुजून गेली. दुसऱ्या हंगामात फेस इतका चढला की छतापर्यंत डाग पडले, ते अजून होते. यंदा पहिल्यांदा सगळं सरळ चाललं होतं. मला फार काही नको होतं. ते एकदा, फक्त एकदा, हातात धरून बघायचं होतं. हंगाम संपत आला होता, ही शेवटची बॅच. आणि मी परत येणार नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं, फक्त बोलत कोणी नव्हतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, 'बाळ होऊ दे, मग बघू नोकरीचं.' तो 'बघू' मला कळत होता. जायच्या आधी ती एक गोष्ट हाताला लागली, तर त्या 'बघू'ला माझ्याकडे काहीतरी उत्तर असतं. बॅच बुधवारी संध्याकाळी तयार होणार होती. गुरुवारी सकाळी निघायच्या आत मला बघायला मिळणार होतं. अगदी हिशेबात बसत होतं.

'आता वाट्या!' झीनतने हाळी दिली.

दोन वाट्या झाकून ठेवतात, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. मी उचलली ती बर्फीवरची. आईने लगेच माझ्या तोंडात बर्फी कोंबली. मग झीनतने आणखी दोन वाट्या मांडल्या. 'ह्या टाकीच्या. एकीखाली प्लास्टिकचं बटण आहे, एकीखाली काही नाही. बाळाचे वडील म्हणून सरांनी उचलायची.'

'हा शुद्ध खुळेपणा आहे,' सर म्हणाले आणि पटकन डावीकडची उचलली. खाली काही नव्हतं.

सगळे 'अरेरे' करून ओरडले. सर म्हणाले, त्यांचा ह्यावर काडीचाही विश्वास नाही. पण मी पाहिलं, सगळे पानांवर बसल्यावर त्यांनी हळूच जाऊन दुसरी वाटी उचलली, बटण खिशात टाकलं आणि मग जेवायला आले.

जेवणं रंगली. रंगरावांनी उखाणा घ्यायचा हट्ट धरला, पुरुष घेत नाहीत म्हटल्यावर 'मग टाकीच्या वतीनं घेतू' म्हणाले आणि मळीला पोळीशी जुळवून काहीतरी भन्नाट म्हणून दाखवलं. सरांनी तीन पोळ्या खाल्ल्या. आईने झीनतला डबा भरून दिला. आणि ह्या सगळ्यात एक गोष्ट राहिली.

टाकीची डाळ बंद करायची राहिली.

जंतू खायला लागले की टाकी आंबट होते, तो आंबटपणा मारायला अमोनिया आपोआप ठिबकत असतो. उपाशी ठेवायची वेळ आली की अमोनियाची नळी बंद करून तिथे कॉस्टिक सोड्याची जोडायची, तो आंबटपणा मारतो पण जंतूंच्या पोटात जात नाही. दुपारी, नेमकी पुरणपोळीच्या वेळी ती वेळ आली होती. मला वाटलं झीनतने केलं. झीनतला वाटलं सरांनी. सरांना वाटलं रंगरावांनी. रंगराव म्हणाले, 'मला वाटलं आज सणाचं हाय तर ऱ्हाऊ दे आसंल.'

संध्याकाळी झीनतने नमुना काढून काचेवर रंगवला आणि मायक्रोस्कोपवरून डोकं वर केलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

'सगळे सडसडीत आहेत,' ती म्हणाली. 'एकाच्याही पोटात काही नाही. नुसते वाढलेत.'

मग सर खुर्चीत मागे रेलले आणि एकदम हसायलाच लागले. मी त्यांना तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. 'अहो, आपण तिला डोहाळेजेवण दिलं ना!' ते डोळे पुसत म्हणाले. 'ती जेवली! पोटभर जेवली! तिचा काय दोष?'

रंगरावांनी नळी बदलली. बॅच बिघडली नव्हती, फक्त मागे पडली होती. आता गुरुवारची संध्याकाळ होणार होती. आणि गुरुवारी सकाळी जीप येणार होती.

'मी फोटो पाठवतो तुला,' सर म्हणाले, जरा जपून.

'फोटोला हात लावता येतो का, सर?'

त्यांनी खिशातलं बटण काढून हातात फिरवलं आणि परत खिशात ठेवलं.

आईला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? वार ठरलेला, मामा निघालेला, डिंकाचे लाडू बांधून झालेले. तिनेही काही विचारलं नाही. फक्त माझी बॅग भरताना मधेच थांबून म्हणाली, 'भूक नाही का तुला आज?'

गुरुवारी सकाळी मामाचा हॉर्न प्रयोगशाळेच्या दाराशीच वाजला. यशवंतमामा आयुष्यभर कुठलं ना कुठलं शेवटचं वाहन पकडत आलेला माणूस. आधी खाडीवरची होडी, मग एसटी, आता स्वतःची जीप आहे तर घाटातलं धुकं. त्याच्या मते धुकं त्याचीच वाट बघत बसलेलं असतं.

'हेमे! चल गो! घाटात धुकं उतरायच्या आत जायचंय!'

'मामा, आता दहा वाजलेत.'

'दहाचे बारा व्हायला काय लागतं?'

'एक मिनिट,' म्हणून मी आत आले. एक नमुना बघून घ्यायचा होता, शेवटचा. काचपट्टी लावली, डोळा टेकवला. गुलाबी काड्यांसारखे जंतू, आणि प्रत्येकाच्या पोटात, मोहरीच्या टोकाएवढा, निळा-काळा एक ठिपका. भरायला लागले होते. माझ्या पोटात बाळानेही तेवढ्यात लाथ मारली. मी तशीच वाकून बघत राहिले.

हॉर्न पुन्हा वाजला. मग पावलं. आई आली होती, माझी बॅग खांद्याला लावून. प्रयोगशाळेच्या आत यायचं म्हणून तिने दारात चपला काढल्या होत्या, देवळात काढतात तशा.

'हेमा, दादा चिडलाय.'

'आले.'

पण मी हलले नाही. तिने बॅग खाली ठेवली. 'काय बघतेस एवढं? बघू.'

मी बाजूला झाले. तिने डोळा लावला. 'काळे काळे केस दिसतायत.'

'त्या तुझ्याच पापण्या आहेत, आई. डोळा जरा मागे घे.'

तिने घेतला. मग एक हात टेबलाला टेकवून नीट वाकली.

'हे गुलाबी ते?'

'हो.'

'आणि आतले मणी? हेच का ते?'

'तेच. अजून भरायचेत. संध्याकाळपर्यंत पोट भरून येईल सगळ्यांचं. मग झीनत ते बाहेर काढेल. उद्या सकाळी हातात येईल.'

'उद्या सकाळी,' ती म्हणाली. डोळा तिथेच होता. 'म्हणून जेवली नाहीस काल?'

बाहेर तिसरा हॉर्न झाला, लांबलचक. आईने डोकं वर केलं, चष्मा पदराला पुसला. बॅग उचलली नाही. ती तशीच अनवाणी व्हरांड्यात गेली. मी तिच्या मागे.

'दादा,' ती म्हणाली, 'इंजिन बंद कर. आज निघता येत नाही. आज बुधवार आहे.'

मामाने इंजिन बंद केलं, कारण त्याला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. 'काय आहे?'

'बुधवार.'

'अगो वत्सू, बुधवार काल झाला!'

'काल झाला तो पंचांगातला.'

मामाने आजूबाजूला पाहिलं. रंगराव झाडू घेऊन पायरीवर उभे होते. 'ओ पाव्हणं, तुम्ही सांगा. आज वार कुठला?'

रंगरावांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'बुधवारच की,' ते शांतपणे म्हणाले. 'आमच्या गावचा बाजार गुरुवारी आसतो. कुठं दिसतोय का बाजार?'

'अहो, मी येताना बाजारातूनच आलो! म्हशी आडव्या आल्या मला!'

'त्या चुकल्या आसतील.'

झीनत तोंडात ओढणी कोंबून आत पळाली. मामाने शेवटचा आधार शोधला. दारात खर्डेकर सर येऊन उभे राहिले होते. 'साहेब, तुम्ही शिकलेले, डॉक्टर माणूस. तुम्ही तरी खरं बोला.'

सर मुहूर्त, वार, वाट्या, सगळ्यावर आयुष्यभर भांडत आलेला माणूस. त्यांनी घसा साफ केला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

'त्याचं असं आहे,' ते म्हणाले, 'काल दिवसभरात आमच्या टाकीत जे व्हायला हवं होतं ते झालंच नाही. तेव्हा शास्त्रीय दृष्टीने पाहिलं तर... कालचा दिवस अजून संपलेला नाही.'

'म्हणजे?'

'म्हणजे बुधवार.'

मामा जीपमधून खाली उतरला. 'आणि उद्या? उद्या अमावास्या! अमावास्येला पोटुशी पोर घाटातून नेऊ?'

'ने,' आई म्हणाली. 'बुधवारपेक्षा अमावास्या बरी. अमावास्येनंतर चंद्र परत येतो तरी.'

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. 'वत्सू, हे त्या कोंबड्यांचं तर नव्हे?'

'चहा घेतोस का?' आई म्हणाली आणि आत वळली.

मग तो दिवस असा गेला की काय सांगू. वाया गेलेला दिवस परत मिळाला की माणसं कशी वागतात ते मी तेव्हा पाहिलं. मामाला रंगराव कारखाना दाखवायला घेऊन गेले, तो काकवीची बाटली घेऊन परत आला आणि गव्हाणीवर, ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, कशी उसाची गाडी रिकामी होते त्याचं वर्णन करत राहिला. आई दर थोड्या वेळाने मायक्रोस्कोपला डोळा लावायची आणि बातमी द्यायची. 'भरलेत गो. निम्म्यावर आलेत.' 'तो कोपऱ्यातला बारीक आहे, त्याला मिळत नाही वाटतं खायला.' दिवस कलताना तिने नुसती मान हलवली आणि झीनतला जागा दिली. झीनतने बघितलं आणि तिथेच एक शीळ घातली. काड्या आता काड्या राहिल्याच नव्हत्या. गच्च भरलेल्या शेंगांसारख्या फुगल्या होत्या, आतले दाणे बाहेरून मोजता यावेत अशा.

'काल जास्त जेवली, म्हणून आज जास्त बाळसं,' रंगराव म्हणाले. 'म्या म्हनलं नव्हतं, सणाचं ऱ्हाऊ दे?'

पुढचं काम औषधांचं, उग्र वासाचं. पेशी विरघळवायच्या, मणी वेगळे करायचे, ते धुऊन द्रावणात घालायचे आणि काचेच्या बशीत वाळत ठेवायचे. त्या खोलीकडे मी फिरकायचंही नाही, असं सरांनी बजावलं होतं. मी ऐकेन यावर त्यांचा विश्वास नसावा, कारण आई खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने माझ्या हातात लाडू ठेवला आणि मला परत पाठवलं.

शुक्रवारी सकाळी झीनत ती बशी दोन्ही हातांत धरून व्हरांड्यात आली. उन्हात. मी आधी दचकलेच, कारण बशी रिकामी वाटली. मग तिने ती जरा तिरकी केली आणि तळाशी काहीतरी चमकलं. दुधावर साय धरते तसं. पातळ, पांढरट, अंगावर ऊन घेणारं.

'तूच काढ,' ती म्हणाली.

माझी नखं कापलेली होती, कड धरता येईना. आईने केसातली पिन काढून दिली. कड सुटली, मग थोडी आणखी, आणि मग ते सगळं एकदम, हलकेच, 'चट्' असा आवाज करून माझ्या हातात आलं. वजनच नव्हतं त्याला. तळहातावर ठेवलं तर खालच्या रेषा दिसत होत्या. वाकवलं तर वाकलं. मी ते गालाला लावलं. का लावलं कोणास ठाऊक. हसायला येत होतं आणि नाक गळत होतं.

सरांनी खिशातलं बटण काढलं आणि कठड्यावर ठेवलं. 'आता हे नको,' ते म्हणाले.

मामाने तो पापुद्रा माझ्या हातातून घेऊन सूर्यासमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. 'एवढंसं?' तो म्हणाला. 'ह्याच्यासाठी गुरुवारचा बुधवार केलात?' पण लगेच द्यायला तयार होईना. 'साखरेचं आहे म्हणता? चाटून बघू?'

'दादा!' आई ओरडली.

त्याने तेवढ्यात जिभेचं टोक लावलंच होतं. 'अळणी आहे,' त्याने जाहीर केलं.

आम्ही निघालो. झीनतने पापुद्र्याचा एक तुकडा कागदात गुंडाळून आईला दिला, खुणेदाखल. घाटात, धुकं बिकं काही नव्हतं, स्वच्छ ऊन होतं. मामा पुढे काकवीच्या बाटलीला सांभाळत गाडी चालवत होता. मी आईला विचारलं, 'कोंबड्यांचं काय?'

तिने खिडकीबाहेर बघितलं. 'काय नाही. तुझ्या वेळेला मला सातवा होता. मी एक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. पहिल्यांदाच, माझी मी. तुझी आजी म्हणाली होती तुला जमायचं नाही. रोज हात लावून बघायची मी, ऊब आहे का. उद्या-परवा फुटतील अशी झाली आणि हा आला न्यायला.' तिने मामाच्या पाठीकडे बोट दाखवलं. 'भरती सुटेल, होडी जाईल म्हणून घाई. मी म्हटलं, एक दिवस थांब. म्हणाला, अंड्यांसाठी का कोण थांबतं?'

'मी तरुण होतो,' मामा पुढून म्हणाला.

'तुला घेऊन परत आले तेव्हा पिल्लांच्या कोंबड्या होऊन त्या अंडी घालायला लागल्या होत्या. मला बघून पळाल्या. ओळखीनात.' ती हसली. 'आजी म्हणाली, बघ, तुझ्यावाचून काही अडलं नाही. खरंच नव्हतं अडलं. मी परत कधी कोंबडी बसवली नाही.'

'अगो, मग सांगायचं ना तेव्हा!'

'काय सांगणार? वार गुरुवार होता. निघायला चांगला.' तिने माझ्या पोटावर हात ठेवला, जीप वळणाला लागली होती म्हणून. 'हातातलं अर्धं टाकून बाईला निघावं लागतं ना, तो बुधवार. पंचांगात काही असो.'

माहेरी गेल्यावर तिने तो तुकडा मिरचीच्या कुंडीत पुरला. 'माती खाते म्हणाली ना ती मुल्लांची? बघू या.' मग रोज पाणी घालताना एका काडीने उकरून बघायची. मी म्हणायची, असं सारखं उकरू नये. ती म्हणायची, 'कोंबडीच्या वेळेला शेवटपर्यंत बघता आलं नाही, आता बघणार.' तुकडा आधी मळका झाला, मग त्याला भोकं पडली, जाळीदार झाला. लेकीच्या बारशाला गाव लोटलं होतं. बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या आणि आई त्यांतल्या दोघी-चौघींना हाताला धरून मागच्या दारी नेत होती, कुंडी दाखवायला.

'काय आहे ह्यात?' आत्याबाईंनी वाकून विचारलं.

'काही नाही!' आई म्हणाली, आनंदाने नुसती फुलून. 'बघा ना! काही म्हणता काही नाही राहिलं! हिने केलंय ते!'

त्या दिवशी सासूबाई पुन्हा 'बघू' म्हणाल्या. आईने माझ्याआधी उत्तर दिलं. 'हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो. मी येते बाळाला सांभाळायला. गुरुवारी निघू.' आणि आम्ही निघालो. गुरुवारीच. झीनतने टाकीला पुन्हा गजरा बांधून ठेवला होता.

लेक आता शाळेत जाते. 'बुधवार' हा शब्द तिला आमच्याकडूनच मिळाला, आणि मिळाल्यापासून ती तो जपून वापरत नाही. काल सकाळी रिक्षा दाराशी उभी होती. ही अंगणात उकिडवी बसून, दप्तर पाठीला, एका गोगलगायीकडे बघत होती. ती गोगलगाय पायरी चढत होती आणि अर्ध्यावर आली होती.

'चल,' मी म्हटलं, 'उशीर होतोय.'

तिने वर न बघता विचारलं, 'आई, आज वार कुठला?'

शुक्रवार होता. मी गोगलगायीकडे पाहिलं. चांगली चालली होती, बिचारी. मी फाटकाशी जाऊन रिक्षावाल्या काकांना हात केला.

'तुम्ही व्हा पुढे. मी नेऊन सोडते. आज बुधवार आहे.'

काकांनी मान डोलावून रिक्षा सुरू केली. 'परवा पण बुधवारच होता, ताई,' ते म्हणाले.

'परवा खराच होता,' मी म्हटलं आणि पायरीवर तिच्याशेजारी जाऊन बसले.